ओ गट, कॉलरा आणि ‘राशिभविष्य’: एका प्रतिक्रियेला उत्तर

शिरोळच्या एका वाचकांची रक्तगट आणि साथीच्या रोगांवरच्या लेखावर प्रतिक्रिया आली आहे: “माझा गट ओ. तुमच्या मते ओवाल्याला मलेरिया कमी छळतो, कॉलरा जास्त. महापुरानंतर आमच्या गल्लीत गॅस्ट्रोनं सगळ्याच गटांची माणसं सलाईनवर होती. हे शास्त्र की राशिभविष्य?”

दादा, गल्लीत दिसलं ते खरंच असणार. पण ओ गटाला कॉलराची लागण जास्त होते, असा दावाच नाही. लागण कुणालाही होते. फरक पडतो तो जुलाब किती जोराचे होतात यात, आणि तिथं ओ गटाला त्रास जास्त होतो. हे बांगलादेशातल्या रुग्णांवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. (कॉलराच्या जंतूच्या नावातही ‘ओ-१’ येतं, त्याचा रक्तगटाशी काही संबंध नाही.)

शिवाय गॅस्ट्रो म्हणजे कॉलराच असं नाही. रोटाव्हायरस, ई. कोलाय, नोरोव्हायरस, सगळ्यांचे जुलाब वरवर सारखेच. गल्लीत कुठला जंतू होता हे शौचाची प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय कळत नाही, आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घेतला नाही तर पुष्कळदा काही उगवतच नाही. मग गटवार हिशेब मांडायचा कशाच्या जोरावर?

राशिभविष्याचं म्हणाल, तर मलेरियाचंच बघा. तांबड्या पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. ए आणि बी गटात त्यांच्या टोकाला एकेक जादा साखर बसते, ओ गटात ते टोक मोकळं राहतं. फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी पेशीत वाढू लागला की तिच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिनं आणून ठेवतो. ती प्रथिनं शेजारच्या निरोगी पेशींवरच्या ए-बी साखरांना चिकटतात आणि पेशींचा पुंजका तयार होतो. असे पुंजके मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की मलेरिया जिवावर बेततो. ओ गटात पुंजके लहान होतात आणि लवकर सुटतात. म्हणून गंभीर मलेरियाचा धोका कमी. ताप येतोच, डासही चावतोच.

व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियात मात्र ए-बी-ओ बाजूलाच राहतं. तिथं बघायचा तो डफी हा वेगळा रक्तगट. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतो, त्यामुळे तिथं व्हायव्हॅक्स फारसा आढळत नाही. आपल्याकडे बहुतेकांना तो असतो. कोविडमध्येही २०२० साली ए गटाला थोडा जास्त आणि ओ गटाला थोडा कमी धोका दिसला. पण फरक इतका लहान की त्यावरून कुणी मास्क काढावा असं काही नव्हतं.

“मग ओवाल्यानं करायचं काय?” हा तुमचा शेवटचा प्रश्न. रक्तगट बदलता येत नाही, पाणी बदलता येतं. पूर ओसरल्यावर गढूळ पाण्यात थेट टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू नका. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या. मग १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली पावडर. ती थोड्या पाण्यात कालवायची, पाणी वाढवून ढवळायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी टाकीत ओतायची. तासभर थांबा, मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी). पिवळी छटा आलीच नाही तर बहुतेक वेळा पावडर जुनी असते: पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की तिचा जोर जातो. साथीच्या दिवसांत नळाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा; एरवी ०.२ पुरतो.

आणि जुलाब सुरू झालेच तर ओआरएसची मोठी पुडी अख्खी १ लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ दाट होतं आणि लहान मुलाला ते बाधतं. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, बंद झालेली लघवी, यातलं काहीही दिसलं तर गट न विचारता दवाखाना गाठा.