‘कॅरिबियनला बारा महिने मे महिना’: क्रूझच्या बॅगेबद्दल फिरणाऱ्या एका निरोपाला उत्तर

नोव्हेंबर उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप हटकून फिरायला लागतो. डिसेंबरच्या सुट्टीत आई-बाबा भारतातून आलेले असतात, चार घरांनी मिळून फ्लोरिडाहून कॅरिबियनची क्रूझ ठरवलेली असते, आणि तेवढ्यात कुणीतरी ‘अनुभवी प्रवाशाचा सल्ला’ पुढं ढकलतं. त्याचं सार असं: कॅरिबियन उष्ण कटिबंधात आहे, तिथं बारा महिने मे महिना, तेव्हा गरम कपड्याचा धागाही नको, ३० नोव्हेंबरला वादळांचा मोसम संपतो, मग समुद्र तळ्यासारखा, हिवाळा कोरडा, छत्री-रेनकोट घरी ठेवा, हिवाळ्यातलं ऊन कोवळं, सनस्क्रीनवर पैसे घालवू नका, आणि एका हँडबॅगेत सात दिवस आरामात निघतात.

शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीच्यांवर विसंबून मी एकदा डेकवर पोहायच्या टॉवेलमध्ये गुरफटून रात्रीचं जेवण जेवलो आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी तो ‘मे महिना’ बघू. उष्ण कटिबंध कर्कवृत्तापाशी संपतो, आणि ते साडेतेवीस अंशांच्या जरा खाली. फ्लोरिडातलं मायामी जवळजवळ २६ अंश उत्तरेवर, तिथलंच पोर्ट कॅनव्हेरल २८ च्या वर, टेक्सासचं गॅल्व्हेस्टन तर २९ च्याही वर. बहामाची राजधानी नासाऊ २५ वर. म्हणजे तीन-चार दिवसांची जी स्वस्तातली बहामा क्रूझ असते, ती बहुधा उष्ण कटिबंधात पाऊलही टाकत नाही. नासाऊला जानेवारीत दुपारी साधारण २५ अंश आणि पहाटे १७ च्या आसपास असतं. पुणेकराला हे ऐकून हसू येईल, पण ही सरासरी आहे, आणि सरासरी अंगावर पांघरता येत नाही. उत्तर अमेरिकेत हिमालयासारखी आडवी भिंत नाही. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण उभे आहेत, त्यामुळे कॅनडाकडची गार हवा अडथळ्याशिवाय थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत घसरत येते. अशी एखादी लाट आली की फ्लोरिडा आणि उत्तर बहामाचा पारा एका रात्रीत दहा अंशांनी उतरू शकतो. १९ जानेवारी १९७७ ला मायामीत हिम भुरभुरलं, ग्रँड बहामा बेटावरही ते पडल्याची नोंद आहे. जानेवारी २०२० मध्ये तर मायामीच्या हवामान कार्यालयानं लोकांना सावध केलं होतं की थंडीनं गारठलेले इग्वाना (मोठाले सरडे) झाडांवरून टपाटप पडतील.

याउलट पोर्तो रिकोचं सान हुआन आणि त्याच्या पूर्वेचं सेंट थॉमस बेट आपल्या पुण्याच्याच अक्षांशावर, साडेअठराच्या आसपास. तिथं जानेवारीत दुपारी २८-२९ आणि रात्री २२. चोहीकडून कोमट समुद्र असल्यानं पुण्यासारखी पहाटेची थंडीही नाही. तेव्हा ‘कॅरिबियनचं हवामान’ असं एक काही नसतंच. तुमचं जहाज कुठून निघतं आणि कुठं जातं, त्या प्रत्येक बंदराचं हवामान वेगळं बघायचं.

बरं, बेटावर उकडत असलं तरी डेकवर काय? इथं पहिलीतलं गणित पुरतं. जहाज ताशी १८ नॉटनं चाललंय, म्हणजे साधारण ३३ किलोमीटर. समोरून तितकाच वारा. दोन्हीची बेरीज ६५ किलोमीटरच्या वर. दुचाकीवर मागं बसून हायवेनं चालल्यासारखं, तेही सूर्य मावळल्यावर आणि केस ओले असताना. फ्लोरिडाहून सेंट थॉमसकडे जाताना तोंड पूर्व-आग्नेयेला, म्हणजे तिथल्या नेहमीच्या पूर्वेच्या वाऱ्याच्या समोर. परतताना तोच वारा पाठीमागून येतो, बेरजेची वजाबाकी होते आणि त्याच डेकवर पान हलत नाही. ज्यांनी परतीच्या दिवसांचे फोटो बघून बॅग भरली, त्यांची फजिती इथंच होते. शिवाय आतल्या जेवणघरात आणि नाट्यगृहात एसी असा लावतात की जणू मासळी ठेवायची आहे.

तेव्हा माणशी एक पातळ स्वेटर, एक वाऱ्याचं जाकीट, एक पूर्ण लांबीची पँट. जाड हिवाळी कोट मात्र घरीच किंवा विमानतळावरच्या गाडीत सोडा, निरोपाला एवढे गुण देतो. आणि आई-बाबांच्या कानटोपीची थट्टा करू नका. आमच्याकडे केली होती. दुसऱ्या दिवशी तीच कानटोपी जावयाच्या डोक्यावर होती. साडी नेसायची तर जेवणाला नेसा. वरच्या डेकवर पदर, निऱ्या आणि वारा यांचं तिघांचं जमत नाही, तिथं सलवार-कुडता बरा.

आता समुद्र. इथं माझं निरोपाशी खरं भांडण आहे, कारण ही चूक आपल्या अनुभवातून आलेली आहे. कोकणातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की पावसाळ्यात दर्या खवळतो, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, दिवाळीनंतर समुद्र निवतो. हिवाळ्यात आपल्याकडे ईशान्येचे वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. किनाऱ्यालगत त्यांना लाट उभी करायला जागाच मिळत नाही. कॅरिबियनमध्येही वारे पूर्व-ईशान्येचेच, पण ते आफ्रिकेच्या बाजूनं चार हजार किलोमीटरहून अधिक अटलांटिक ओलांडून येतात. तेवढ्या उघड्या पाण्यावर लाट चांगलीच पोसली जाते. त्यातून डिसेंबर ते फेब्रुवारी हे वारे अधिक जोरात असतात, पूर्वेकडच्या बेटांवर त्यांना ‘ख्रिसमसचे वारे’ असंच म्हणतात. उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांची लाट वेगळी. ती हजारो किलोमीटर दूर उठते आणि पोर्तो रिकोच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर येऊन आपटते. तिथल्या रिंकोनला जगभरचे सर्फर हिवाळ्यात जमतात ते काही तळं बघायला नाही.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर हे बरोबर, आणि डिसेंबरनंतर त्यांची धास्ती जवळपास नसते हेही बरोबर. (जवळपास म्हणालो, कारण १९५४ च्या ३० डिसेंबरला जन्मलेलं ॲलिस नावाचं वादळ जानेवारी १९५५ मध्ये पूर्व कॅरिबियनमधल्या लीवर्ड बेटांवरून गेलं होतं. पण अशा अपवादाच्या भीतीनं कुणी तिकीट रद्द करू नये.) चक्रीवादळ नाही म्हणजे समुद्र शांत, ही उडी चुकीची.

पश्चिमेकडे तऱ्हा निराळी. मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर उत्तरेचा गार वारा सुटला की त्याला ‘नोर्ते’ म्हणतात, आणि तो जोरात असला की छोट्या बोटींना बंदर बंद होतं. मग स्नॉर्केलिंगची सहल गेली. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, जहाज बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. तिथलं जॉर्जटाउन हे बंदर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर असल्यानं रोजच्या पूर्वेच्या वाऱ्याची तिथं झळ नाही, पण वायव्येचा वारा आला की नेमका आडोसा जातो. कप्तान सरळ ‘आज उतरणं नाही’ असं सांगतो आणि पुढं निघतो. तो तुमच्या सुट्टीचा शत्रू नाही, सत्तर वर्षांच्या आजींना हलत्या फळीवरून चढवायचं-उतरवायचं असतं.

पोटासाठी: केबिन घेतानाच जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हेलकावा सगळ्यात कमी. आलेपाक आणि आवळासुपारी पर्समध्ये हवीच. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी, आणि आई-बाबांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या औषधांबरोबर चालते का हे डॉक्टरांना विचारून.

पावसाबद्दल थोडक्यात. बहुतेक बेटांवर डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, हे खरं. पण कोरडा म्हणजे आपला जानेवारी नव्हे. सान हुआनला त्या दिवसांतही वरचेवर सर येते, दहा मिनिटं झोडपते आणि ऊन पडतं. दक्षिणेकडच्या अरुबा आणि कुरासाव बेटांना तर पावसाचे दिवस ऑक्टोबर ते जानेवारीच, अर्थात एकूण पाऊसच बेताचा. होंडुरासच्या रोआतानला मात्र वर्षातला मोठा पाऊस याच सुमारास असतो, आणि हे बेट पश्चिम कॅरिबियनच्या क्रूझवर हमखास असतं. छत्री वाऱ्यात उलटी होते, ती नकोच. घडीचा पातळ रेनकोट न्या. आणि फोनवर सातही दिवस पावसाचं चित्र दिसलं म्हणून हिरमुसू नका, त्या चित्राचा अर्थ बहुतेक वेळा ती दहा मिनिटांची सर एवढाच असतो.

‘कोवळं ऊन’ हे सगळ्यात घातक. २२ डिसेंबरला दुपारी न्यू जर्सीत सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. सेंट थॉमसला ४८. महिनाभर बाह्या झाकून वावरलेली आपली कातडी तीन दिवसांत एकदम त्या उन्हाखाली जाते. वारा गार लागत असल्यानं भाजतंय हे कळतच नाही, संध्याकाळी अंघोळीला गेल्यावर कळतं. सावळ्या रंगाला सनस्क्रीन लागत नाही असं म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्या खांद्यांची सालं परतीच्या विमानात निघत असतात. घेताना बाटलीवरचे घटक वाचा: सेंट थॉमस ज्यात येतं त्या अमेरिकी व्हर्जिन बेटांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांच्या काळजीपोटी २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं चालतं. चेहरा पांढरा दिसतो, दिसू द्या.

राहिली हँडबॅग. सात दिवस निघतात, पण मोठी बॅग नेलीत तरी हँडबॅग लागतेच. धक्क्यावर हमालाकडे दिलेली मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे आणि तो स्वेटर हातातच हवा. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीनं जहाजावर ती काढून घेतात. आणि मुलांच्या लष्करी छापाच्या चड्ड्या-टोप्या घरी ठेवा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया इथं सैनिकांखेरीज कुणी तो छाप घालणं हा गुन्हा आहे, अगदी पाच वर्षांच्या पोरानं घातला तरी.