खुलासा: महाकाय सॅलॅमँडर 'वाचले' हा मेसेज चुकीचा

'चीनमधल्या पैदास केंद्रांतले लाखो महाकाय सॅलॅमँडर नद्यांत सोडले, प्रजाती वाचली' असा मेसेज फिरतोय. (महाकाय सॅलॅमँडर म्हणजे नदी-ओढ्यांत राहणारा, पालीसारखा दिसणारा मोठा उभयचर प्राणी.) केंद्रांत प्राणी भरपूर आहेत हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

2013 ते 2016 दरम्यान चीनमध्ये 97 ठिकाणचे नद्या-ओढे तपासले गेले. चार ठिकाणी मिळून फक्त 24 प्राणी सापडले, आणि जनुकीय तपासणीवरून तेही बाहेरून सोडलेलेच असावेत असं दिसलं. 2018 च्या अभ्यासानुसार, एकच समजल्या जाणाऱ्या या प्राण्याचे निदान पाच वेगळे वंश आहेत, वेगवेगळ्या नदीखोऱ्यांतले. केंद्रांत त्यांची सरमिसळ होते. असा संकर नदीत पसरला की मूळ वंश पुसला जातो; जपानमधल्या क्योतोच्या कामो नदीत चिनी आणि जपानी महाकाय सॅलॅमँडरच्या संकराने हाच धोका उभा केलाय. शिवाय टाक्यांतल्या दाटीत पसरणारा रानाव्हायरस (उभयचरांना आजारी पाडणारा विषाणू) हाही सोबत जातो.

म्हणून सोडण्याआधी प्रत्येक प्राण्याची रोगतपासणी हवी, आणि त्याचा वंश त्याच खोऱ्यातला आहे याची जनुकीय खात्रीही. नदीसुद्धा जगण्याजोगी हवी. हा प्राणी मुख्यतः त्वचेतून प्राणवायू घेतो, त्यामुळे पाणी थंड आणि वाहतंच लागतं. दगडांखालच्या कपारी गाळाने बुजल्या, तर अंडी घालायला जागाच उरत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.