खिचडीचं मूळ गाव

प्राथमिक शिक्षकाला वरून दोन प्रकारचे आदेश येतात. एक, जे काम कालच व्हायला हवं होतं ते. आणि दुसरा, ज्याचे फोटो परवापर्यंत हवेत ते. हा दुसऱ्या प्रकारचा होता. 'आपले अन्न कोठून येते' आणि 'शाश्वत उत्पादन' या विषयांवर तिसरी-चौथीच्या मुलांमध्ये जाणीवजागृती करावी, फोटोत मुलांचे चेहरे आनंदी असावेत आणि मागे फलक स्पष्ट दिसावा. जाणीव जागी झाली की नाही हे तपासायची कुठे सोय नव्हती. फलकाची लांबी-रुंदी मात्र दिलेली होती.

माझी शाळा साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाजवळ. मी धुळ्याहून एसटीनं अप-डाऊन करते. आदेशासोबत नमुना पाठही आला होता, तो मी गाडीत वाचला. लिहिणाऱ्यानं तो बहुधा चौथ्या मजल्यावर बसून लिहिला असावा. 'मुलांना विचारा, दूध कोठून येते? मुले म्हणतील, पिशवीतून. मग हसून त्यांना गाईचे चित्र दाखवा.' मी आज्ञाधारक बाई. स्वतःच्या पैशानं गाईचं रंगीत चित्र काढून आणलं, वर लॅमिनेशनही केलं.

"दूध कुठून येतं रे?" मी हसून विचारलं.

"घरचं का डेअरीचं?" पहिल्या बाकावरून उलट प्रश्न आला.

"कुठलंही."

"डेअरीवरच्याले फॅट लागत नही मॅडम. मन्हा बाप रोज भांडस."

पिशवीचं नाव कुणी घेईना. शेवटी मीच न विचारता गाईचं चित्र वर धरलं. वर्गात शांतता पसरली. मला वाटलं, पोरं भारावली. मग एक मुलगी उठून जवळ आली, चित्र निरखलं आणि म्हणाली, "ही भाकड आहे मॅडम. कास कुठंय हिची?" त्यानंतर बराच वेळ त्या गाईचे बाजारात किती येतील यावर चर्चा झाली. चित्रकारानं शिंगं चुकीची काढल्यामुळे तिची जात ठरेना, म्हणून सौदा फिसकटला.

कांद्यावर आले. कांदा तर इथला, हा प्रश्न फुकटचा, असा माझा हिशेब. 'शेतातून' हे उत्तर फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं.

"चाळीतून," सगळी एका सुरात म्हणाली.

खरंच होतं. दिवस भाद्रपदाचे. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात वावरातून निघाला आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या दारच्या, कांदा साठवायच्या चाळीत पडून होता. भाव वाढायची वाट बघत निम्मा सडायला आला होता. आता काढायचा की अजून थांबायचं यावरून घरोघरी आई-बापांची भांडणं चालली होती. पोरांच्या दृष्टीनं कांद्याचा उगम म्हणजे ती भांडणं.

"बरं, चाळीतून कुठे जातो?"

"पिंपळनेरला. मार्केटात."

"आणि मग?"

"मग पट्टी येते."

पट्टी म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं. एवढा माल, एवढा भाव, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा, खाली निव्वळ रक्कम. बेचा पाढा अडखळत म्हणणारा मुलगा हे सगळं न थांबता म्हणून दाखवत होता. वजाबाकी शिकवायला मी आयुष्यभर गोट्या आणि पेन्सिली वापरल्या, तेव्हा ही पट्टी कुठे होती कोण जाणे! लहान कांद्याला गोल्टी म्हणतात आणि तिचा भाव निराळा, हेही त्यानंच सांगितलं. शेवटच्या बाकावरचा एक जण मात्र झोपला होता. उठवायला गेले तर शेजारचा म्हणाला, "राहू द्या मॅडम. शेतीची लाइन रात्रीची आहे. तो पाणी भरायला गेला होता बापासंगे." मी आवाज कमी केला.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं फोटो काढून विषय संपवला असता. पण माझ्या डोक्यात कल्पना निघाली. खिचडी! जेवणाच्या सुट्टीत ताटातली खिचडी घ्यायची आणि तिचा एकेक जिन्नस नकाशावर शोधायचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, हे मला तोंडपाठ आहे. पण ते १०० ग्रॅम मुळात कुठल्या गावचे, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोडाऊनमधून येस." त्याच्या पलीकडचं जग त्यांनी मानलेलं नव्हतं. मीठ बहुतेक गुजरातचं, कारण देशातलं सर्वात जास्त मीठ तिथंच पिकतं. इथवर पोरांना नवल नव्हतं. गुजरात म्हणजे सुरत आणि सुरत म्हणजे काका-मामाचं घर. खरी गंमत तेलानं केली. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामचं इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलहून. मी जगाच्या नकाशावर काठी फिरवत फिरवत दक्षिण अमेरिकेपर्यंत नेली.

"एवढ्या लांबून? विमानानं?"

"जहाजानं."

"मन्हा बाप सुरतना पुढे गया नही," एक जण हळूच म्हणाला, "आन तेल अर्जेंटिनाहून येस?"

दुसऱ्याला वेगळीच शंका. "आमच्याकडे भुईमूग होतो मॅडम. मग ते तेल कशाला आणतात?" याचं उत्तर नमुना पाठात नव्हतं. मी म्हटलं, "चांगला प्रश्न आहे." उत्तर नसलं की शिक्षक हे वाक्य वापरतात. मुलांना ते माहीत असतं.

मग पाणी. एक किलो तांदूळ पिकवायला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, असं जागतिक सरासरी सांगते. गणित घातलं. १०० ग्रॅमला २५० लिटर. वर्गात ३० पोरं, म्हणजे एका वेळच्या खिचडीत ७,५०० लिटर. शाळेच्या गच्चीवरची टाकी १,००० लिटरची, तीही उन्हाळ्यात निम्मी. पोरांनी आधी टाकीकडे बघितलं, मग ताटाकडे. एकीनं ताट किंचित दूर सारलं. "बाजरीले इतकं नही लागत," दुसरी म्हणाली, "मग आम्हाले भाकर का नही देत?" मावशींनी आतून ते ऐकलं. एवढ्या पोरांच्या भाकरी कोण थापणार, हे त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि शाश्वत उत्पादनाची चर्चा तिथंच थांबली.

शाश्वत शिकवायचं राहिलंच होतं. 'पुढच्या पिढ्यांना पुरेल असे उत्पादन' असं फळ्यावर लिहिलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं, म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं. म्हणून गावातल्या आप्पांना बोलावलं. आप्पा म्हणजे जुने पाटकरी. पांझरेच्या काठच्या या गावांत फड पद्धत चालायची, तीनशे वर्षांहूनही जुनी. नदीवर गावाचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ आणि थळाचे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठलं, ते पंच ठरवणार. पाणी पाटकरी सोडणार, मालकानं स्वतःच्या वावराचं बारं, म्हणजे पाणी आत यायचं तोंड, फोडायचं नाही. गुरं शिरू नयेत म्हणून जागल्या.

आप्पांनी खुर्ची नाकारली, उभ्यानंच सुरू झाले. "पानी नदीनं शे, कोनाच बापनं नही," हे पहिलं वाक्य. पुढची वाक्यं काही थांबली नाहीत. पाणी कमी असलं त्या वर्षी काय करायचे, असं एका पोरीनं विचारलं तेव्हा ते खुलले. प्रत्येकाच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असायचा, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तर नुकसान सगळ्यांचं थोडं थोडं, एकट्याचं पुरं कुणाचंच नाही. मग वर लाटीपाड्याचं धरण झालं, वावरावावरात विहिरी आणि बोअर झाले, जो तो आपल्या पाण्याचा राजा झाला आणि पाटकऱ्याला कुणी विचारेना. इथं आप्पा खरंच चिडले आणि पोरांना उद्देशून सरपंचाबद्दल चार गोष्टी बोलले. त्या मी जाणीवजागृतीत धरल्या नाहीत.

परिणाम मात्र दुसऱ्याच दिवशी दिसला. शाळेची परसबाग, जिथं आजवर माझ्या हुकमानं पालक उगवत नसे, तिचे पोरांनी फड पाडले. मेथीचा, वांग्याचा, मुळ्याचा. पंच निवडले. पाटकरी झाला तो रात्री पाणी भरून वर्गात झोपणारा. दिवसाही तेच काम मिळाल्यानं तो जागा राहायला लागला. राहिला प्रश्न जागल्याचा. परसबागेचा शत्रू एकच, शेजारच्या घरची पांढरी बकरी. आजवर आमची सगळी पालेभाजी तिच्याच पोटात गेलेली. पंचांनी बराच खल करून त्या बकरीच्या मालकाच्या पोरालाच जागल्या नेमलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "दुसरा कोनी ऱ्हायना तर हाऊ म्हनी, मन्ही बकरीले का मारी ऱ्हायना? हाऊच ऱ्हायना तर कोनले म्हनी?" बकरी बांधली गेली. सहकाराची एवढी समज मला सोसायटीच्या सभेतही दिसलेली नाही.

टाकीचं पाणी कमी पडलं तेव्हा पंचांनी नियमाप्रमाणे एक फड कोरडा ठेवला. तो नेमका फाटकाजवळचा निघाला, जिथं फलक लावून साहेबांसोबत फोटो काढायचा होता. मी विनवणी केली, एक तांब्या तरी घाला. पाटकऱ्यानं मान हलवली. एकदा बारं फोडलं की सगळेच फोडतात, म्हणे.

फोटो परवापर्यंत हवे होते, साहेब आले महिन्याभरानं. हिरवी मेथी होती ती पार मागे, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून. फलक तिकडे न्यावा लागला. 'शाश्वत उत्पादन' या अक्षरांच्या बरोबर वर 'मुली' अशी पाटी सगळ्या फोटोंत आली आहे. फोटो झाल्यावर साहेबांनी एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांग बाळा, अन्न कुठून येतं?"

"कोणतं साहेब? डब्यातलं का खिचडीतलं?"

"शेतातून म्हणायचं," साहेबांनी प्रेमानं सांगितलं आणि वळून मेथीकडे बघितलं. "छान आहे हो मॅडम. घरी न्यायला दोन जुड्या बांधा की."

मी वाकणार तोच पंचांपैकी एक मुलगी पुढं झाली. जुड्या उपटल्या, सुतळीनं बांधल्या, हात पुढं केला. "वीस रुपये." साहेब हसले, मग ती हसत नाही हे पाहून खिशात हात घातला.

गाडी गेल्यावर तिनं वहीचा कागद फाडून माझ्या हातात पट्टी दिली. मेथी, २ जुड्या, २० रुपये. हमाली ३. तोलाई २. वाराई २. जागल्या ५. निव्वळ ८. सोबत आठ रुपये रोख.

"अगं, वाराई कशाची? वाराई म्हणजे गाडी खाली करायचे ना? इथं गाडी कुठं आली?"

"ती कापायचीच असते मॅडम," ती म्हणाली आणि बारा रुपये घेऊन पंचांकडे गेली.