‘पैशाची माती’ म्हणण्याआधी हिशेब पुरा मांडा

अंगावर कोड, भाजल्याचे व्रण किंवा दुभंगलेला ओठ असलेल्या मुलांविषयीचा एक मेसेज आमच्या दोन-तीन ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: या मुलांचं ऑनलाइन समुपदेशन म्हणजे पैशाची माती. तेच पैसे उपचाराला लावा, डाग गेला की मन ठीक होतं. वय वाढलं की मुलं सावरतातच. आणि मोबाईलने बिघडलेल्यांना पुन्हा मोबाईलच कशाला?

माझ्या भाचीला कोड आहे. नववीत आहे ती. त्यामुळे मला हे सोडून देता येत नाही.

डाग जाण्याचंच आधी बघू. कोडावर प्रकाशोपचार घ्यायचे तर आठवड्याला दोन-तीन खेपा, त्याही महिनोन् महिने. चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परत येतो, पण बोटांची टोकं सहसा दाद देत नाहीत. तोवर पोरीने शाळेत जायचं ना? भर मे महिन्यात भाची पूर्ण बाह्या घालायची. वही देताना बोटं मुठीत लपवायची. तिचे डाग म्हणाल तर चार बोटांवर, तेवढेच. डाग मोठा तर त्रास मोठा, असं गणित नसतं. या विषयातल्या संशोधकांनाही हेच वारंवार दिसलं आहे. उपचार जरूर करा. पण ‘हे लागतं का गं?’ असं बाकावरच्या मुलीने विचारलं तर काय बोलायचं, ते मलमाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

वय वाढल्यावर काहीजण सावरतात, खरं आहे. पण तोंडी परीक्षा, स्नेहसंमेलन, मैत्री हे सगळं त्याच वयात असतं. सावरेपर्यंत ते निघून जातं.

आता मोबाईल. रिळं बघत बसणं आणि ठरलेल्या वेळी समुपदेशकाशी बोलणं, हे एक कसं? ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी 12 ते 17 वयाच्या अशाच मुलांसाठी ‘वायपी फेस आयटी’ हा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. आठवड्याला एक अशी सात सत्रं. कुणी टक लावून बघितलं, चिडवलं, प्रश्न विचारला तर काय करायचं याचा त्यात सराव असतो. पुढे नॉर्वेतही त्याची आवृत्ती निघाली. भाचीने तिच्या समुपदेशक ताईंबरोबर व्हिडिओ कॉलवर एकच वाक्य कितीतरी वेळा घोटलं: “हे कोड आहे, लागत नाही.” पहिल्यांदा म्हणताना ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

राहिला पैसा. आमच्या कराडहून पुण्याला तज्ज्ञाकडे न्यायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं, तिचा शाळेचा खाडा आणि माझ्या मेहुण्याची रोजी बुडीत. एवढं करून भेट पाऊण तासाची. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, म्हणून हेलपाटे अटळ. ऑनलाइनमध्ये हे हेलपाटे वाचतात. फेस आयटीसारख्या कार्यक्रमाचा मोठा खर्च तो बनवताना एकदाच होतो, पुढच्या प्रत्येक मुलामागे थोडाच. म्हणजे मुलं जितकी जास्त, तितका तो परवडतो. दहा मुलांवर हिशेब मांडला तर तो महागच दिसणार.

शिवाय फायदा मोजायचा कशाने? आरोग्य-अर्थशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत पाच गोष्टी विचारतात: चालता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, रोजची कामं जमतात का, वेदना आहेत का, चिंता-उदासी आहे का. भाची पहिल्या चारांत पैकीच्या पैकी मिळवेल. मग सुधारणा दिसायला जागा उरते कुठे? ग्रुप फोटोत मागे लपतेस का, असं ती प्रश्नावली विचारतच नाही. अशा मोजपट्टीवर फायदा कमी दिसला, तर आधी मोजपट्टी तपासायला हवी.

आणि ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही त्यांच्यासाठी 2022 पासून टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन-सेवा आहे: 14416, मोफत, मराठीतही. ती सेवा खास या मुलांसाठी नाही, पण पहिला फोन करायला पुरेशी आहे. मेसेज पाठवणाऱ्यांनी निदान हा नंबर तरी त्यात घालावा.