रोपं तीच होती, बॅग चुकली (नर्सरीकडून उत्तर)

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार वाचला. “रोपं बोगस. गच्चीवरच्या सहा ग्रो बॅगांत मिळून दोन किलोही टोमॅटो नाहीत, निम्म्यांची बुडं काळी. शेजाऱ्यांनी तुमच्याकडूनच रोपं नेऊन परसात लावली, त्यांच्या पाट्या भरताहेत,” असं तुम्ही लिहिलंय.

दोघांनीही एकाच ट्रेमधली रोपं नेली होती, तेव्हा खापर रोपांवर फुटत नाही. आमच्यावर मात्र फुटतं. ही जात वेलासारखी वाढतच राहते. तिला 18 बाय 18 इंची बॅग लागते, तीत 75 लिटरच्या आसपास माती बसते. तुम्हाला दिली 12 बाय 12 ची, जेमतेम 22 लिटरची. काउंटरवरच्या पोरानं विचारलं नाही, आणि मी जागेवर नव्हतो.

बूड काळं पडतं तो रोग नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडतं, आणि ते मुळांकडून पाण्यासोबतच वर चढतं. छोटी बॅग दुपारी कोरडीठाक, संध्याकाळी पाण्यानं तुडुंब, असं रोज चाललं की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहतं. तुम्ही पानांवर फवारलंत, पण पानातलं कॅल्शियम फळाकडे जात नाही. शेजाऱ्यांच्या झाडांची मुळं खालच्या ओलीपर्यंत गेलीत; एखादा दिवस पाणी चुकलं तरी त्यांना पत्ता लागत नाही.

दुसरं, फोटोत बॅगेत निव्वळ काळी माती दिसते. कृष्णाकाठच्या या मातीचं आपल्या सांगलीत कौतुक आहे, पण बॅगेत तिचा आधी चिखल होतो, मग वीट. कडेला फट पडते आणि दिलेलं पाणी तिथूनच निघून जातं. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत हवं होतं. (परसातही सगळं गोड नसतं. पावसाळ्यात हीच माती पाणी धरून बसते आणि झाडं मरतात. तेव्हा शेजारी तुमच्या गच्चीकडे बघतील.)

फुलं गळाली ती उन्हानं. पारा पस्तिशीच्या वर गेला की फळ नीट धरत नाही, आणि एप्रिलमध्ये गच्ची तर तव्यासारखी तापते.

सहा मोठ्या बॅगा आमच्याकडून, पैसे नकोत. रोपं आत्ता नेऊ नका, सप्टेंबरअखेर या. बांधायला सुतळी आणि कारव्याही काढून ठेवतो.

स्टार तेवढाच राहू दे, झाडं धरली की मग बघा.