"दीड तास कोंडून ठेवलं" म्हणे!

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले दहा-बारा दिवस एक मेसेज फिरतोय. त्यात शाळेचं नाव नाही, त्यामुळे तो आता कुठल्याही शाळेला चिकटतो. परवा ठाण्याच्या भाचीने मलाच पाठवला, "मावशी, तुमच्याकडे असं काही झालं का गं?" म्हणून. मेसेज थोडक्यात असा:

"संध्याकाळच्या भोंडल्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधीच, नुसतं लांब कुठेतरी गडगडलं म्हणून शाळेने मुलींना दीड तास कोंडून ठेवलं. पालक गेटवर उभे असूनही मुली दिल्या नाहीत. मैदानात मांडव होता, पत्र्याची शेड होती, शाळेवर विजेचा अरेस्टर आहे. आभाळ भरून आलं की मुलांना सरळ घरी सोडावं. शाळा सुटल्यानंतरच्या कार्यक्रमाशी शाळेचा काय संबंध? आणि मोबाईल बंद करायला लावा, मोबाईल वीज खेचतो. हवामान खात्याचे अंदाज कधी खरे ठरतात का? जागरूक पालकांनी पुढे पाठवा."

मी त्याच शाळेत शिकवते. त्या संध्याकाळी हजेरीची वही माझ्याच हातात होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

"पाऊस सुरू व्हायच्या आधीच, नुसतं लांब गडगडलं." अगदी बरोबर. मैदान ठणठणीत कोरडं होतं. पाटावर रांगोळीने काढलेला हत्ती, भोवती मुलींचा फेर, कडेला चपलांचा ढीग. 6 वाजून 10 मिनिटांनी डोंगराच्या अंगाला चमकलं आणि मोठ्या बाई पुटपुटत आकडे मोजायला लागल्या. त्या वर्षानुवर्षं विज्ञान शिकवत आल्या आहेत, सवय जात नाही. चोवीसाव्या आकड्याला गडगडाट ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. वीज आठ किलोमीटरवर होती.

आठ किलोमीटर म्हणजे पलीकडचं गाव, असं वाटतं खरं. पण जिथे पाऊस पडतोय तिथेच वीज पडेल असं काही नसतं. पावसाच्या पट्ट्यापासून दहा-पंधरा किलोमीटर बाजूलाही ती उतरते, आणि तिथे डोक्यावर आभाळ मोकळं असू शकतं. म्हणून मैदानावरच्या कार्यक्रमांसाठी जो साधा हिशेब सांगतात, तो थेंबांवर नाही, आवाजावर आहे. चमकणं आणि गडगडणं यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, की सगळ्यांनी आत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं आतच थांबायचं. मधे पुन्हा गडगडलं तर तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

"दीड तास" आला तो इथून. वहीत नोंद आहे: 6:17 ला शेवटची मुलगी आत, 7:05 ला शेवटचा गडगडाट, 7:35 ला दार उघडलं. एक तास अठरा मिनिटं. मेसेजवाल्याने वरची बारा मिनिटं पदरची घातली, ते सोडून देऊ.

माझी मावसबहीण डॅलसला असते. तिच्या मुलाच्या हायस्कूलची फुटबॉल मॅच शुक्रवारी रात्री असते, सगळं गाव बघायला लोटतं. गडगडलं की मॅच जागच्या जागी थांबते, खेळाडू इमारतीत, प्रेक्षक आपापल्या गाड्यांत, आणि हेच तीस मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. दोन-दोन तास जातात म्हणे. तिथे त्याला 'वेदर डिले' म्हणतात. आपल्याकडे 'कोंडून ठेवणं'.

आता मांडव, शेड आणि अरेस्टर.

मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण ते शहाणपणाचं वाटतं. आमचा मांडव म्हणजे लोखंडी पाइप, वर कापड, पाइपांना तारेने बांधलेले हॅलोजन, आणि स्टेजपासून वर्गाच्या खिडकीपर्यंत गेलेली साउंडची वायर. वीज जवळ कुठे पडली तर जमिनीतून, पाइपांतून, वायरमधून ती पसरते. थेट अंगावर पडायची गरज नसते. मी स्वतः चूक करणार होते. सूचना द्यायला माईककडे धावले, तर साउंडवाल्या पोराने आधीच प्लग उपटलेला. "मॅडम, हात नका लावू, तोंडाने ओरडा." ओरडले.

झाडाचं तेच. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात मोठा कडुनिंब आहे, उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. पण उंच झाडावर पडलेली वीज खोडावरून उडी मारून शेजारच्या माणसाच्या अंगात शिरते. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने जातात, आणि पाऊस चुकवायला झाडाखाली उभं राहिलेल्यांच्या बातम्या आपण दर वळवाला वाचतो.

पत्र्याच्या शेडबद्दल तर अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या लोकांना विचारावं. 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी वादळ सुटलं, तेव्हा मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं आडोशाला थांबली होती. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं. सात जण गेले. शेडने पाऊस अडवला होता, झाड नाही.

राहिला अरेस्टर. तो इमारतीवर पडणारी वीज तारेवाटे अर्थिंगला नेऊन सोडतो. म्हणजे तो इमारत वाचवतो, समोरच्या मैदानात फेर धरलेल्या मुली नव्हे. शाळेवर अरेस्टर आहे, हे मुलींना आत घेण्याचं कारण आहे. मेसेजमध्ये ते बाहेर ठेवण्याचं कारण म्हणून आलंय.

"आभाळ भरून आलं की सरळ घरी सोडावं." घर सुरक्षित असतं, याबद्दल वाद नाहीच. प्रश्न शाळा आणि घर यांच्या मधल्या रस्त्याचा आहे.

गेटवर एक आजोबा होते, ॲक्टिव्हा सुरूच ठेवलेली. नात सातवीत. मी म्हटलं, "आजोबा, अर्धा तास आत बसा." ते म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं शेतात काढली, विजा मला नका शिकवू. दहा मिनिटांत घरी पोचतो." त्यांचा रस्ता ओढ्याच्या फरशीवरून जातो, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, उंच असं काही नाहीच, म्हणजे त्या रस्त्यावर सगळ्यात उंच वस्तू ॲक्टिव्हावरचे आजोबा आणि नात. चारचाकी बंद गाडीचं वेगळं असतं, पत्र्याचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो. टायर रबराचे आहेत म्हणून नव्हे. दुचाकीला आणि रिक्षाला ते कवच नसतं, आणि आमच्या निम्म्याहून जास्त मुली दुचाकीवर, सायकलवर नाहीतर चालत येतात. आजोबा शेवटी आत आले, ते माझ्या बोलण्याने नाही; शिपाईमामांनी खिरापतीचा डबा पुढे केला म्हणून. 6:40 ला पाऊस कोसळला. सात वाजता फरशीवरून पाणी जात होतं.

मुंबईकरांना हे समजावावं लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी शाळांनी मुलांना रात्रभर वर्गातच ठेवलं होतं, बिस्किटांवर आणि शेजारच्या सोसायट्यांनी पाठवलेल्या खिचडीवर. त्या रात्री रस्त्यांवर बंद गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली. 29 ऑगस्ट 2017 ला तिथलेच एक नामवंत डॉक्टर, गाडी अडकली म्हणून उतरून घराकडे चालत निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये गेले. घर जवळच होतं.

मात्र "शाळेतच थांबवा" हा काही मंत्र नाही, हेही सांगते. अमेरिकेत अलाबामातल्या एंटरप्राइझ गावी 1 मार्च 2007 ला टॉर्नेडोने, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत येणाऱ्या वादळाने, हायस्कूलच फोडलं आणि आत थांबलेली 8 मुलं दगावली. इमारत कशी आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडे जुन्या बाजूच्या दोन खोल्यांचे पत्रे वाऱ्याने वाजतात. तिथे एकही मुलगी नेली नाही. सगळ्या नव्या स्लॅबच्या चार वर्गांत, खिडक्यांपासून लांब, पंखे-दिवे मेनमधून बंद. दाटीवाटी झाली, उकडलं, दोघी रडल्या. त्याची तक्रार कुणी केली असती तर मी मान खाली घातली असती.

"पालक गेटवर असूनही मुली दिल्या नाहीत." अडवून धरण्याचा अधिकार शाळेला नाही, आणि कुणाला अडवलंही नाही. पालकांना आत या, थांबा, असं म्हटलं. दोन पालकांनी ऐकलं नाही. वहीत वेळ घालून सही केली आणि मुली घेऊन गेले. दोघांकडेही चारचाकी होती, पण गेट ते दार हे साठ-सत्तर पावलं मोकळं मैदान आहे. मला ते पटलं नाही. तरी आई-बाप ते आहेत, मी नाही.

पण मग लगेच पुढच्या ओळीत "शाळा सुटल्यानंतरच्या कार्यक्रमाशी शाळेचा काय संबंध?" हे कसं चालेल? मुली दिल्या नाहीत म्हणून शाळा दोषी, आणि शाळेचा संबंधही नाही! सूचना शाळेने काढली, खिरापतीचे पैसे शाळेने गोळा केले, मैदान शाळेचं, शिक्षक शाळेचे. घड्याळात साडेपाच वाजले म्हणून मुलगी परकी होत नाही. 2021 साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळा सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यांचा रोखच मुळी शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी पक्की करण्यावर आहे.

मोबाईलचं एका ओळीत: मोबाईल वीज खेचत नाही. चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नये, तो भिंतीतल्या वायरला जोडलेला असतो म्हणून. ज्या दिवशी आई-बापांना निरोप द्यायचाय त्याच दिवशी सगळ्यांचे फोन बंद करायला सांगणं यासारखा उफराटा सल्ला नाही.

"हवामान खात्याचे अंदाज कधी खरे ठरतात का?" त्या दिवशी जिल्ह्याला यलो अलर्ट होता. यलो म्हणजे 'लक्ष ठेवा', 'पडणारच' असं नव्हे. आणि तो सबंध जिल्ह्याचा असतो. तुमच्या गल्लीत ऊन होतं म्हणून खोटा ठरत नाही. शिवाय खातं पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारेही देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप तर फुकट आहे, आपल्या भोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. हस्त नक्षत्र, ऑक्टोबरचा उष्मा, परतीचा पाऊस, वेळ संध्याकाळची. पाटावर हत्ती आपण उगाच काढतो का?

आता जे मेसेजमध्ये नाही आणि असायला हवं होतं, ते मी सांगते. पालकांच्या ग्रुपवर आमचा पहिला निरोप गेला 6:52 ला. मुली आत गेल्यावर पस्तीस मिनिटांनी. ती पस्तीस मिनिटं गेटबाहेरच्या आयांनी कशी काढली असतील, याची मला कल्पना आहे. मीही आई आहे. कारण सांगते, समर्थन करत नाही. आधी 143 डोकी मोजत होतो, दोन कमी भरत होती. त्या दोघी चपला आणायला परत मैदानात गेल्या होत्या. शिपाईमामांनी त्यांना दंडाला धरून आणलं. मग फोन करायचे, तर पालकांच्या नंबरांचं रजिस्टर ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली क्लार्क भाऊसाहेबांच्या खिशात. ते पाचलाच घरी गेलेले. ग्रुपवर टाकायचा अधिकार फक्त मोठ्या बाईंना, आणि त्या चार वर्गांत फिरत होत्या.

संध्याकाळची शाळा ही अशी अर्धी शाळा असते. ऑफिस बंद, बस गेलेली, निम्मे शिक्षक घरी, किल्ल्या कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. दिवसा वीज चमकली असती तर घंटा वाजवून तीन मिनिटांत सगळं झालं असतं. सहा वाजता घंटा वाजवणारंही कुणी जागेवर नव्हतं. त्यामुळे तासांनंतरच्या कार्यक्रमाला नियम सैल नाही, उलट जास्त कडक हवेत, आणि याबद्दल आम्हाला कुणी धारेवर धरलं तर आम्ही ऐकून घ्यायला हवं. एकाही मेसेजने धरलं नाही.

आता नंबरांची एक प्रत वहीच्या मागच्या पानावर चिकटवली आहे. ग्रुपवर लिहायचा अधिकार तिघींना दिलाय. कपाटाची दुसरी किल्ली शिपाईमामांकडे. कबड्डीच्या सरावाला थांबणाऱ्या मुलींच्या घरी जी चिठ्ठी गेली, तिच्यात एक ओळ वाढली आहे: "गडगडल्यास सराव थांबेल, मुली शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने सोडल्या जातील, पालकांनी आत येऊन बसावे."

आजोबांनी चिठ्ठीवर सही करून पाठवली. खाली पेन्सिलीने लिहिलंय, "खिरापत असेल का?"