उचल शून्य असली की पुढचे सगळे शेतकरी गायब!

पीएचपी प्रोग्रॅममध्ये व्हाईलच्या, म्हणजे अट खरी असेपर्यंत तेच काम परत परत करणाऱ्या लूपच्या, कंसात थेट फेच कॉलम लिहायची सवय ज्यानं कोणी लावली, त्याला मे महिन्यात भरदुपारी भुसावळच्या फलाटावर उभा करावा. अनवाणी.

केळीच्या व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर आहे. शेतकरी, गाव, वजन, क्विंटलचा भाव, उचल म्हणजे शेतकऱ्यानं आगाऊ घेतलेले पैसे, पट्टी म्हणजे त्याच्या मालाचा हिशोब, एवढाच पसारा. आधीच्या कुणीतरी पीएचपीत लिहून दिलं, पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. आता ते माझ्या गळ्यात. मुनीमजी रोज डोकं खातात, उचलीची बेरीज रोकडवहीशी जुळत नाही म्हणून. एरर? नाही. वॉर्निंग? नाही. पान एकदम गुळगुळीत, आकडा ठळक अक्षरात, आणि साफ खोटा!

कारण ऐका. फेच कॉलम दर खेपेला डेटाबेसच्या पुढच्या ओळीतला एकच रकाना काढून देतं आणि ओळी संपल्या की फॉल्स, म्हणजे 'खोटं', देतं. व्हाईल फक्त एवढंच बघतो, हातात आलं ते खरं की खोटं. आणि पीएचपीच्या लेखी शून्य पण खोटं, नल, म्हणजे काहीच न भरलेला रकाना, पण खोटं, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे अक्षर नसलेला मजकूर, पण खोटी. म्हणजे ज्या भल्या माणसानं एक रुपया उचल घेतली नाही, त्याच्या ओळीपाशी लूपला वाटतं, झालं, संपला डेटा. यादी नावानं लावलेली, त्यामुळे असा माणूस 'प'मध्ये निघाला की पाटलांच्या पुढचं सगळं गाव बेरजेबाहेर. आमच्याकडं उचल न घेतलेला शेतकरी इतका दुर्मिळ, की हा घोळ इतके दिवस कुणाच्या लक्षातच आला नाही भो!

फॉल्सशी काटेकोर तुलना केली असती तरी भागलं असतं. अख्खी ओळ ॲरेत, म्हणजे एका यादीत, घेतली असती तरी भागलं असतं, कारण भरलेला ॲरे कधी खोटा ठरत नाही. आणि मुळात बेरजेसाठी लूप हवा कशाला? डेटाबेसला सम, म्हणजे बेरीज, येतं. ग्रुप बाय, म्हणजे गटवार हिशोब, येतं. त्याचं कामच ते आहे. पण नाही, एकेक ओळ उचलून आणायची आणि इकडे बोटं मोजत बसायचं.

पट्टीची तर वेगळीच तऱ्हा. शेतकऱ्यांच्या टेबलात रकाना 'नेम', गावांच्या टेबलातही 'नेम'. वर सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळे रकाने द्या, आणि जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलं जोडा. रकान्याच्या नावानं ओळ देणाऱ्या फेच असोकला एकाच नावाचे दोन रकाने मिळाले की नंतरचा आधीच्यावर बसतो, चकार शब्द न काढता. छापून काय आलं? शेतकऱ्याचं नाव: सावदा. पुढचा: निंभोरा. पुढचा परत सावदा. सगळी गावांची नावं! नावाचा घोळ निदान डोळ्यांना दिसतो तरी. 'आयडी'चंही, म्हणजे ओळखक्रमांकाचंही, तेच झालेलं, आणि त्याच आयडीवर लूपच्या आत दर ओळीला डेटाबेसला आणखी एक प्रश्न, म्हणजे क्वेरी. केळीच्या एका हंगामाचा, मृगबागेचा, माल दुसऱ्या हंगामाच्या, कांदेबागेच्या, खात्यावर, कुणाची पट्टी कुणाच्या नावावर!

एक्सपोर्टला, म्हणजे बाहेर पाठवायच्या फाईलला, फेच ॲरे वापरलाय, तोही ओळ कशी हवी तो मोड न सांगता. तो प्रत्येक रकाना दोनदा देतो, एकदा आकड्यानं, एकदा नावानं. सीएंच्या ऑफिसातून फोन, "वजन दोन-दोन वेळा का लिहिलंय?"

एक गोष्ट मला अजून कळत नाही. चुकलं तर ओरड ना बाबा! थांब, लाल अक्षरात काहीतरी फेक. अर्धी यादी देऊन गप्प बसणारं यंत्र पैशाच्या हिशोबाला लावायचंच कशाला?

तर काल ते उचलीचं नीट केलं. बेरीज रोकडवहीशी पैशासकट जुळली. मुनीमजी खूश. शेठनं आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला आणि म्हणाले, "भो, तुम्ही हात लावायच्या आधी उचल एवढी नव्हती. एवढे पैसे मी वाटले कधी?"